आमच्या सेक्टरचा विरजण निर्देशांक

सध्या मी लिफ्ट वापरत नाही. लिफ्टमध्ये आरसा आहे, आरशात मागची माणसं दिसतात, आणि ती माणसं माझ्याकडे बघत हसू दाबत असतात. म्हणून मी जिन्याने जाते. माणसं जिन्यातही भेटतात, पण तिथे निदान पळता येतं.

हे लिहायला बसले कारण आमच्या सोसायटीत या प्रकरणाच्या इतक्या आवृत्त्या फिरतायत, की खरी आवृत्तीच आता खोटी वाटायला लागलीय. एका आवृत्तीत आम्ही बुडालोय आणि घर विकून गावी चाललोय. दुसरीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर चोरून डेअरी काढलीय. तिसरीत माझ्या बाबांना डॉक्टरांनी फक्त दह्यावर ठेवलंय, आणि ही आवृत्ती मानणारे लोक बाबांशी अजूनही हळू आवाजात बोलतात. खरं काय ते एवढंच, की मला आमच्या सेक्टरचा गृहबाजार, अर्थव्यवस्था आणि राहण्यायोग्यता यांचं मूल्यमापन करायचं होतं.

आता नववीतल्या मुलीला कुणी हे सांगितलं होतं का? सांगितलं होतं. वैजयंती मॅडमनी भूगोलाचा प्रकल्प दिला होता, की कुठलाही एक विभाग घ्या आणि तो राहायला कसा आहे ते अभ्यासा. वर्गातल्या बहुतेकांनी लांबलांबचे जिल्हे घेतले, कारण लांबच्या जिल्ह्याची माहिती नेटवरून जशीच्या तशी उचलता येते आणि मॅडम तिथे जाऊन बघणार नसतात. मी मात्र उभी राहिले आणि म्हणाले, मॅडम, मी माझाच सेक्टर घेते, नेरुळचा. मी असं उभी राहते हल्ली. जूनपर्यंत माझी हजेरीची ‘प्रेझेंट’ इतकी हळू यायची की महिन्यातून दोनदा माझी गैरहजेरी लागायची. मग जूनमध्ये वक्तृत्व स्पर्धेत मला कप मिळाला. तेव्हापासून मला वाटायला लागलं की माझं तोंड उघडणं ही समाजाची गरज आहे.

मॅडमनी मला जोडीला जागृती दिली. जागृती सारसोळ्याची, म्हणजे आमच्या सेक्टरच्या आधीपासून इथे असलेल्या गावातली. वक्तृत्वात ती कधी भाग घेत नाही. तिला लागतच नाही ते. मी माझी योजना तिला सविस्तर ऐकवली तेव्हा ती म्हणाली, “तू बोल. मी इचारते.” ही कामाची वाटणी मला तेव्हा माझ्या बाजूची वाटली होती.

सुरुवात गृहबाजारापासून केली. आमच्या गेटसमोर ऋषीदादाचं इस्टेट एजन्सीचं दुकान आहे. काचेवर इतके फ्लॅट चिकटवलेत की आतला ऋषीदादा दिसत नाही, फक्त त्याचं ब्रेसलेट चमकतं. मी वही काढली आणि विचारलं, समजा बी विंगमधला तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके असेल, गॅलरीसकट, तर सध्या काय भाव येईल. आता मी उदाहरण म्हणून आमचंच घर का घेतलं? कारण त्याचं मोजमाप मला पाठ होतं. संशोधनात माहीत असलेल्या गोष्टीपासून अज्ञाताकडे जावं असं पुस्तकात आहे. ऋषीदादाने खुर्ची पुढे ओढली, थंड पाणी मागवलं आणि हळूच विचारलं, बाबांना माहितीय का. मी म्हटलं, बाबांना अजून काही सांगितलेलं नाही, हे फक्त समजा आहे. तो म्हणाला, “सगळे समजापासूनच सुरू करतात गं. टेन्शन नको घेऊ.” मला वाटलं, किती सहकार्य करणारा माणूस आहे.

दुसरी पायरी परवानगीची. सेक्रेटरी अभिराम काकांनी माझा अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली, आणि सांगितलं की सर्वेक्षण ही गंभीर बाब आहे. मागे एक बाई सर्वेक्षण म्हणून आल्या होत्या आणि जाताना अर्ध्या विंगला पाण्याचं मशीन विकून गेल्या. तेव्हा अर्ज शाळेच्या लेटरहेडवर हवा. लेटरहेड आणलं तर शिक्का नव्हता. शिक्का आणला तर तो नीट उमटला नव्हता, आणि शाळेच्या नावाच्या जागी निळा ढग दिसत होता. शेवटी काका म्हणाले, ठेव, कमिटीच्या मीटिंगमध्ये घेऊ. कमिटीची मीटिंग कोरम नसल्यामुळे गणपतीपासून तहकूब होती. मी प्रकल्पात लिहिलं, “परवानगी प्रलंबित,” आणि कामाला लागले.

अर्थव्यवस्थेवर मी फार बोलणार नाही. मी लिफ्टमध्ये लोकांना विचारायला लागले की तुमचा रोजगार कोणत्या क्षेत्रात मोडतो आणि तो टिकाऊ आहे का. एका काकांना आदल्याच आठवड्यात ऐरोलीच्या कंपनीतून नारळ मिळाला होता, हे मला कसं माहीत असणार? ते काका मधल्याच मजल्यावर उतरून गेले. तिथे त्यांचं कुणीही राहत नाही.

उरली राहण्यायोग्यता. इथे मी खरी अडकले. पाणी, डास, पार्किंग हे सगळं कुणीही मोजेल. मला शेजार मोजायचा होता. माणसं शेजारी राहतात म्हणजे शेजारी असतात का, असं एक वाक्य मी लिहूनही ठेवलं होतं, टाळ्यांसाठी जागा सोडून. पण मोजायचं कशाने?

उत्तर आईकडून मिळालं, तिच्या नकळत. आमचं दही एकदा बिघडलं, तेव्हा ती पातेलं घासता घासता म्हणाली, “या घरात चमचाभर विरजण मागायचीही सोय नाही.” सोय नव्हती कारण बाबा. माझे बाबा, अरविंद, विमा कंपनीत दावे तपासतात. दिवसभर लोक त्यांच्याकडे काही ना काही मागतात, आणि बाबा बहुतेकांना कागद अपुरे आहेत असं सांगून परत पाठवतात. त्यामुळे घरी आल्यावर त्यांचा एकच नियम असतो. आपण कुणाच्या दारात जायचं नाही, कुणी आपल्या दारात येऊ नये. ते वर्तमानपत्रसुद्धा उसनं वाचत नाहीत. ते लहानपणी परळच्या चाळीत राहिले, जिथे दार रात्रीच बंद व्हायचं, आणि आपलं म्हणून एक बंद होणारं दार मिळावं एवढ्यासाठी ते खाडी ओलांडून इकडे आले.

तर विरजण. साखर मागून उपयोग नव्हता. साखर आता दहा मिनिटांत घरपोच येते, मागणाऱ्याला लोक विचारतील फोन बंद पडलाय का. विरजण कुणी पाठवत नाही. ते माणसालाच मागावं लागतं. मी गुणपद्धती तयार केली. दार उघडलं तर इतके गुण, विचारपूस केली तर इतके, विरजण दिलं तर इतके, आणि स्वतःच्या वाटीत दिलं तर विश्वासाचे वेगळे. नावं गुप्त ठेवायची, घरांना अक्षरं द्यायची. मी हे जागृतीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आनि येवढ्या विरजनाचं करायचं काय?” मी म्हटलं तो पुढचा प्रश्न आहे. खरोखरच तो पुढचा होता.

एका रविवारी आई मावशीकडे गेली होती, बाबा दुपारचे झोपले होते. मी ए विंग घेतली आणि बी विंग जागृतीला दिली, म्हणजे माझा स्वतःच्या विंगशी पक्षपात नको. माझं घर कितवं हेही तिला सांगितलं नाही. ती तोवर आमच्याकडे कधी आली नव्हती, कारण आमच्याकडे कुणीच येत नाही. मनातून मला खात्री होती की तिला न कळता आमच्या घराला चांगले गुण मिळतील, आणि मग मी सहज सांगेन, अगं, ते आमचंच.

आणि लोक देत होते हो. दारामागून दार उघडत होतं. प्रत्येक घरातून एकेक वाटी बाहेर येत होती, आणि वाटीवर नावं कोरलेली. कुणाच्या लग्नातली, कुणाच्या बारशातली, एक तर कुणाच्या तरी वडिलांच्या स्मरणार्थ. नफिसा आंटींनी सोनेरी काठाच्या कपात दिलं आणि कप जपून आण म्हणून सांगितलं, कारण त्यांचा सेट अजून अख्खा आहे. मी प्रत्येक वेळी आभार मानून कोपऱ्यात जाऊन गुण लिहायची. सल्लेही भरपूर मिळाले. दूध कोमट हवं, दूध गरम हवं, दूध कुठलं घेता त्यावर आहे, मिरचीचं देठ टाका. एका काकूंनी आईला बोलवायला सांगितलं, तिला दही लावता येत नसेल तर मी शिकवते म्हणाल्या. आईच्या मानाचं काय होतंय हे मला तेव्हा दिसायला हवं होतं. मी फक्त “विचारपूस” या रकान्यात पूर्ण गुण टाकले.

खाली तळमजल्यावर दुर्गाकाकूंकडे पोचेपर्यंत दिवे लागले होते. दुर्गाबाई असं पाटीवर नाव आहे, पण आख्खी सोसायटी त्यांना काकू म्हणते आणि घाबरते. त्यांनी दार उघडलं, माझ्या हातातल्या वाट्यांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या की तिन्हीसांजेला घरातून दही-विरजण बाहेर देत नाहीत. मी लिहिलं, नकार. माझ्या गुणपद्धतीत तिन्हीसांज नव्हती.

पार्किंगमध्ये जागृती वाट बघत बसली होती. तिच्याकडेही वाट्या होत्या. कुठून आलीस असं कुणी विचारलं की ती माझंच नाव सांगत होती, सई हाय ना, तिला पायजे. एवढं म्हटल्यावर सगळ्यांनी दिलं, म्हणाली. एक घर सोडून.

“तीनशे चारवाला. बेल मारली. आतनं एक डोला आला भिंगात. मी म्हटलं, काका, जरा विरजन... तर आतनंच बोल्ला, ‘आम्हाला काही नको.’ अगं, मना पायजे होतं, तर तो सांगतो त्याला काय नको.”

ती इतकी हसली की तिच्या हातातल्या वाट्या वाजायला लागल्या. मीही हसले. हसायला लागले आणि मग थांबता येईना, कारण थांबले असते तर काहीतरी बोलावं लागलं असतं. तीनशे चार आमचं घर आहे. जागृतीने त्या घराला शून्य लिहिलं, अक्षर ‘क’, आणि मी मान डोलावली. सगळ्या वाट्या मी घरी नेऊन फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, कोथिंबिरीखाली दडवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. बाबा दाढी करत होते, त्यांनी अर्ध्या फेसाने भिंगातून पाहिलं आणि आपलं नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, पण बाहेरून दुर्गाकाकू म्हणाल्या, “अरविंद भावजी, दार उघडा. मी तुमचा चेहरा नाही, विरजणाचं बघायला आलेय.” दुर्गाकाकूंना ‘काही नको’ असं अजून कुणी म्हटलेलं नाही. दार उघडलं. काकूंनी बाबांच्या हातात वाटी ठेवली आणि म्हणाल्या की काल तुमची सई मागत फिरत होती, तिन्हीसांज होती म्हणून दिलं नाही, रात्रभर मला झोप लागली नाही. मग त्यांनी आवाज खाली आणला. अडचण सगळ्यांनाच येते, म्हणाल्या. लाजायचं नाही.

बाबा वाटी धरून उभे राहिले. फेस वाळत चालला होता. शेवटी त्यांनी वाटी आईकडे दिली, आईने ती ठेवायला फ्रिज उघडला, जागा करायला भाजीचा कप्पा ओढला, आणि कोथिंबिरीखालून आख्खी सोसायटी बाहेर आली. आई एकेक वाटी ओट्यावर मांडत गेली आणि वरची नावं वाचत गेली. लग्नाच्या आमंत्रणाची यादी वाचावी तसं.  बाबा ओरडले असते तर मी वक्तृत्वाने उत्तर दिलं असतं. त्यांनी फक्त गालावरचा फेस पुसला आणि अर्धी दाढी तशीच ठेवून ऑफिसला गेले.

पुढचे दिवस सांगताना मला अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं. दाराशी डबे यायला लागले. कुणी उसळ पाठवली, कुणी जास्त झालेल्या पोळ्या, ज्या उघड उघड मोजून मुद्दाम केलेल्या होत्या. मग ऋषीदादा एक जोडपं घेऊन आला, आणि आम्ही नाश्ता करत असताना त्या बाई आमच्या गॅलरीची लांबी पावलांनी मोजायला लागल्या. बाबांनी विचारलं आपण कोण, तर त्या म्हणाल्या, तुम्ही निघायचं कधी ठरवलंय. ऋषीदादाने मला डोळा मारला. बाबांनी तो पाहिला. संध्याकाळी नोटीस बोर्डावर अभिराम काकांची नोटीस लागली, की निवासी सदनिकेत दुग्धजन्य पदार्थांचा व्यवसाय करणं उपविधींच्या विरुद्ध आहे. नाव नव्हतं. पण वाचणारे आधी नोटीस वाचायचे आणि मग वर आमच्या गॅलरीकडे बघायचे. माझ्या सर्वेक्षणाच्या परवानगीला कोरम मिळाला नव्हता, याला लगेच मिळाला.

मी बाबांना सांगितलं की हा प्रकल्प आहे. बाबा म्हणाले, “मला काय सांगतेस? ज्यांच्या दारात गेलीस त्यांना सांग.”

आता वाट्या परत द्यायच्या, तर रिकाम्या कशा द्यायच्या? दुसऱ्याची वाटी रिकामी परत करणं आईला कधी जमलेलं नाही, जरी तिला तशी संधी कधी मिळाली नव्हती. ती रात्री ओट्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली, मग तिने मोठं पातेलं काढलं, दूध तापवलं, कोमट केलं, आणि सगळ्या वाट्यांतलं विरजण त्यात एकामागून एक ओतलं. दुर्गाकाकूंचं, नफिसा आंटींचं, त्या नोकरी गेलेल्या काकांच्या घरचंही. सकाळी असं दही लागलं होतं की पातेलं तिरकं केलं तरी हलेना. ते फडक्यात बांधून नळाला टांगलं, आणि त्याचं श्रीखंड झालं. वेलदोडा मी कुटला. तेवढंच मला करू दिलं.

ते श्रीखंड घेऊन मी दारोदार गेले. आई म्हणाली होती, प्रत्येक ठिकाणी काय झालं ते नीट सांगायचं. मी सांगितलं. पहिल्या तीन-चार दारांत माझ्या वक्तृत्वाने साथ दिली, मग ते पायऱ्यांवरच कुठेतरी राहिलं. नोकरी गेलेल्या काकांच्या दारात तर मी नुसतं सॉरी म्हटलं. ते म्हणाले, “प्रश्न बरोबर होता गं तुझा. उत्तर नव्हतं.” आणि वाटी घेतली. लोक रागावले नाहीत हेच वाईट होतं. ते म्हणायचे, अच्छा, म्हणजे आम्हाला मार्क दिलेस होय, किती दिलेस, आणि शेजारच्यांना किती दिलेस. दुर्गाकाकूंनी आपला आकडा ऐकला आणि दार तसंच उघडं ठेवून आत निघून गेल्या. मी बाहेर वाटी घेऊन बराच वेळ उभी होते.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी लिफ्टने गेले असते.

पण मग शाळेत प्रकल्पांचं प्रदर्शन आलं, पालकांसकट. आमचा तक्ता सगळ्यात मोठा होता, ‘विरजण निर्देशांक’ असं मीच रंगवलेलं. दुर्गाकाकूंचे गुण मी सुधारून पूर्ण केले होते. ‘क’ तसाच होता. मी माझं शेजाराबद्दलचं वाक्य म्हटलं, टाळ्याही आल्या. वैजयंती मॅडम खूश होत्या. त्यांनी विचारलं, हे एकच घर शून्यावर कसं, काय झालं तिथे?

जागृतीला विचारायचीच खोटी होती. तिने हवेतच बेल वाजवली, भिंगातला डोळा केला, आणि आवाज जाड करून म्हटलं, “आम्हाला काही नको.” हॉलमध्ये हशा फुटला. पालक हसत होते, मॅडम हसत होत्या. तिसऱ्या रांगेत माझी आई तोंडावर पदर धरून खाली बघत होती. तिच्या शेजारी बाबा सरळ बसले होते. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

“कोणाचं गं हे घर?” मॅडमनी हसत हसतच विचारलं. “सई, तुमच्याच सोसायटीतलं ना, ओळखतेस?”

माझ्या हातात माईक होता. मी म्हटलं, “नाही, मॅडम.”

आवाज उत्तम लागला होता. शेवटच्या रांगेपर्यंत गेला असणार.

बाबा उठले. ऑफिसात उठतात तसे, आधी चष्मा नीट करून. “मॅडम, ते घर आमचं आहे,” ते म्हणाले. “आणि या मूल्यमापनाला माझी हरकत आहे. मागणी करणाऱ्याने मागणी स्पष्ट केली नव्हती.”

 जागृतीने माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे, आणि तिला एका दमात सगळं कळलं, घर कुणाचं आणि मी काय बोलले तेही. पण ती हटली नाही. “काका, दार उघडलं असतंत तर केली असती स्पष्ट.”

बाबांनी थोडा विचार केला. “मान्य,” ते म्हणाले. “फेरतपासणी व्हावी.” आणि खाली बसले.

 घरी परतल्यावर लिफ्टमध्ये, आरशाकडे बघत, बाबांनी एवढंच विचारलं, “तो वक्तृत्वाचा कप तुलाच मिळाला होता ना?” लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. त्यानंतर मी लिफ्टमध्ये चढलेले नाही.

जागृती माझ्याशी नेहमीसारखी बोलत नव्हती. मी सॉरी म्हणाले तर म्हणाली, “मना काय सॉरी? माझा बाप नव्हता त्यो.” पण फेरतपासणीला ती आली. हॉलमधून निघताना तिने बाबांना तसा शब्द दिला होता.

बाबांनी त्या दिवशी लवकर घरी येऊन हॉल आवरला होता. शर्ट पुन्हा इस्त्रीचा. बेल वाजायच्या आतच त्यांनी दार उघडलं, त्यामुळे जागृतीचं बोट हवेतच राहिलं. या, बसा, नाव काय, कुठे राहता, सारसोळ्यात कुठल्या बाजूला, सगळी विचारपूस झाली. जागृती एकेक गुण देताना मान हलवत होती. मग ती उभी राहिली आणि रीतसर म्हणाली, “काका, थोडं विरजन मिळंल का?”

“का नाही मिळणार,” बाबा म्हणाले. “सुनीती, विरजण आण.”

आई स्वयंपाकघराच्या दारात होती. ती हलली नाही. मला आधी कळेना का, आणि मग कळलं. बाजूला चमचाभर ठेवायला ती विसरली होती. आख्ख्या सोसायटीचं विरजण या घरात येऊन गेलं, आणि सगळंच्या सगळं श्रीखंडातून परत गेलं. घरात एक चमचा उरला नव्हता.

“राहू द्या काका,” जागृती म्हणाली. “याचे मार्क कापत नाय. आजारपनात गैरहजेरी धरत नाय, तसं हाय.”

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग मांडणीवरून आमची वाटी घेतली. आईच्या लग्नातली, तिचं नाव कोरलेली, कधी घराबाहेर न गेल्यामुळे अजून नवीकोरी. चपला घातल्या आणि गेले. दार लावायचं विसरले, किंवा लावलं नाही, मला सांगता येणार नाही.

आम्ही तिघी गॅलरीत धावलो. खाली दिवे लागले होते. बाबा कंपाउंड ओलांडून ए विंगकडे चालले होते, वाटी दोन्ही हातांत धरून. त्यांनी दुर्गाकाकूंची बेल वाजवली. काकू आल्या, वाटीकडे पाहिलं, आत देवापुढच्या दिव्याकडे बोट केलं आणि मान हलवली. बाबांना कुणी कागद अपुरे म्हणून परत पाठवावं, तसे ते क्षणभर उभे राहिले. मग शेजारचं दार. त्याला कुलूप होतं. मग त्याच्या पुढचं.

त्याच वेळी ऋषीदादा कुणाला तरी फ्लॅट दाखवून खाली आला. तेच जोडपं, पावलांनी गॅलरी मोजणारं. अभिराम काकाही गेटपाशी होते. त्या बाई थांबल्या आणि बाबांकडे बघत मोठ्याने म्हणाल्या, हे कोण हो, वाटी घेऊन दारोदार फिरतायत? राहायला कशी आहे ही सोसायटी? ऋषीदादा काहीतरी पुटपुटला. माझ्या बाजूला जागृती कठड्याला टेकून उभी होती. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मी कठडा धरला.

“माझे बाबा आहेत ते,” मी म्हटलं. माईक नव्हता, तरी समोरच्या विंगच्या दोन खिडक्या उघडल्या. “विरजण मागतायत. आमच्याकडचं संपलंय.”

सगळ्यांनी वर पाहिलं. अभिराम काकांनी, त्या बाईंनी, दारात उभ्या राहिलेल्या दुर्गाकाकूंनी. बाबांनीही पाहिलं. नफिसा आंटींच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर ते थांबले, आणि एक हात वर करून, ऑफिसात गोंगाट झाला की करतात तशी खूण केली, आवाज खाली.

दुसऱ्या हातात वाटी होती. ती त्यांनी लपवली नाही. मग ते वर गेले.